मढवी सिस्टरची मोजणी

मढवी सिस्टर हात कधी खाली सोडत नसत. ऑपरेशनच्या आधी कोपरापर्यंत हात धुऊन ग्लोव्ह्ज चढवले की ते छातीच्या पातळीवर, एकमेकांत गुंतवून धरायचे असतात. कमरेखाली गेले तर ते बाटले असं धरतात आणि सगळं पुन्हा करावं लागतं. हे आम्हा सगळ्याच थिएटर नर्सेसना शिकवलेलं असतं, पण थिएटरबाहेर आलो की आम्ही हात सोडतो. सिस्टर सोडत नसत. कॅन्टीनच्या रांगेत, लिफ्टपाशी, बाळकुमच्या बस थांब्यावर, कुठेही त्यांचे हात छातीशी जुळलेले असायचे. अनोळखी माणसाला वाटे, बाई कुणाला तरी नमस्कार करायच्या बेतात आहेत. मला पहिल्या दिवशी तसंच वाटलं आणि मी उलट नमस्कार केला.

"मला नको करू," त्या म्हणाल्या. "आत टेबलावर झोपलाय त्याला कर. त्याला गरज हाय."

ठाण्यातल्या एका मध्यम आकाराच्या हॉस्पिटलमध्ये माझी ती पहिली नोकरी. मी डोंबिवलीची. शाळा इंग्रजी माध्यमाची, नर्सिंगही इंग्रजीतून झालेलं. घरी आम्ही मराठीच बोलतो, पण एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांच्यात मला अजूनही क्षणभर थांबावं लागतं. थांबले की लोक हसतात, म्हणून अशा वेळी मी गप्प बसायला शिकले होते. गप्प बसणाऱ्या मुलीला लोक शहाणी समजतात. मढवी सिस्टर समजल्या नाहीत.

"नाव काय तुझं?"

"ऋजुता."

"एवढं मोठं मास्कमधून कोन बोलनार? रुजू. आणि रुजू, तुला काय विचारायचं असेल तर माझ्या तोंडाकडं बघत बसू नको. माझं तोंड झाकलेलं असतंय. विचार."

मी मान डोलावली. विचारलं मात्र काहीच नाही.

सिस्टर बुटक्या आणि भरलेल्या अंगाच्या होत्या. वाकल्यावर चष्मा घसरू नये म्हणून त्याच्या काड्यांना गॉजची पट्टी बांधून ती डोक्यामागे गाठलेली असे. सकाळी येताना केसांत अबोलीचा गजरा असे. थिएटरचे कपडे घालण्याआधी तो काढून त्या लॉकरच्या चावीला अडकवत आणि संध्याकाळी सुकलेला तसाच परत माळून घरी जात. "घरच्यांना वाटायला पायजे ना, बाई दिवसभर मजेत होती," असं म्हणत.

त्या बाळकुमच्या मूळच्या राहणाऱ्या. वडील खाडीकाठच्या मिठागरावर कामाला होते, घरची थोडी भातशेती होती. ती शेती आता एका मोठ्या संकुलाच्या खाली आहे आणि सिस्टर त्याच संकुलात अकराव्या मजल्यावर राहतात. "आधी आमी शेताच्या वर वाकलेलो असायचो, आता वर राहतो. फरक काय तो कंबरेला कळतो." त्यांच्या भावाला बहिणीची नोकरी पटत नसे. तो म्हणे, ताय, आपले फ्लॅट भाड्यानं जातात, तू कशाला लोकांचं रक्त टिपत बसतेस. त्यावर सिस्टरांचं उत्तर ठरलेलं होतं: "फ्लॅट मोजायला तू हायस. मॉप मोजायला कोन हाय?"

हे मॉप म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सिस्टरांचं सगळं चरित्र त्यांच्यात गुंडाळलेलं आहे. पोटाच्या ऑपरेशनात रक्त टिपायला हातरुमालाएवढे जाड कापडी तुकडे लागतात. पाच-पाचांचं एक पाकीट येतं. रक्तानं भिजलेला मॉप आतड्यांसारखाच दिसतो आणि आत राहून गेला तर माणूस जिवानिशी जाऊ शकतो. म्हणून पोट उघडण्याआधी मॉप मोजतात आणि शिवण्याआधी पुन्हा मोजतात. हात धुऊन सर्जनच्या शेजारी उभी असते ती नर्स मोजते. दुसरी, जिला आम्ही फिरती म्हणतो, ती पाकिटं फोडून देते आणि भिंतीवरच्या फळ्यावर आकडा लिहिते. फळ्यावरचा आणि टेबलावरचा आकडा जुळला की मगच टाके.

हे सगळ्या हॉस्पिटलांत होतं. पण मढवी सिस्टरची मोजणी ही वेगळी गोष्ट होती. त्या वापरलेले मॉप जमिनीवर अंथरलेल्या चादरीवर पाच-पाचांच्या ओळीत मांडायला लावत, वाळत घातलेल्या सुकटीसारखे, आणि प्रत्येकाकडे बोट दाखवून मोठ्यानं मोजत. घाई नाही, पुटपुटणं नाही. ठाण्यातल्या कितीतरी थिएटरांत त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुली आहेत, आणि तिथे कुणी मोजणीत चालढकल केली की म्हणतात, मढवी सिस्टर असत्या तर हातावर चिमटा मारला असता.

आमचे मुख्य सर्जन आपटे सर चांगले होते, पण घाईचे. एकदा त्यांनी हात पुढे केला.

"सिस्टर, टाका द्या."

सिस्टरांचे हात छातीशी. "मोजणी व्हायचीय सर."

"बाहेर नातेवाईक थांबलेत हो. दोन तास झाले."

"त्यांना निरोप पाठवा. बोला, मढवी मोजतेय."

"आणि तोपर्यंत मी काय करू?"

"तुमी पन मोजा. शाळेत शिकवलं असेल ना."

भूलतज्ज्ञ मॅडम मास्कच्या आत हसल्या. आपटे सरांनी खरोखर मोजले. त्याच दुपारी जिन्यातल्या खिडकीपाशी बसून त्यांनी सिस्टरांच्या डब्यातली तांदळाची भाकरी आणि बोंबलाची चटणी खाल्ली. तो वास थिएटरकडे जाऊ नये म्हणून सिस्टर नेहमी जिन्यातच जेवत, आणि सर काही ना काही निमित्त काढून बरोबर त्याच वेळी जिन्यानं खाली उतरत.

पेशंटशी त्यांचं बोलणं फार थोडं असे. टेबलावर घेतल्यावर, भूल द्यायच्या आधी त्या वाकून नाव विचारत आणि म्हणत, "घाबरू नको. तुझं पायजे तेवढंच काढनार, आमचं काय आत ठेवनार नाय." हे ऐकून घाबरलेली माणसंही हसत. मला त्यांचं ते वाक्य फार आवडे. त्या वाक्याला माझ्यामुळे तडा जायची वेळ येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

सिस्टर मोजायला सुरुवात करताना एक शब्द म्हणत: लाभ. "लाभ, दोन, तीन." पाकिटं मोजताना असो किंवा मॉप, सुरुवात तीच. मला वाटलं, देवाचं नाव घेतात तसं काहीतरी असावं. कामाला सुरुवात करताना आजी "श्री" म्हणायची तसं. मी शेवटचा आकडा ऐकायची आणि तो फळ्यावर लिहायची. "लाभ, दोन" ऐकलं की दोन पाकिटं, म्हणजे दहा. तीन आठवडे हे बिनबोभाट चाललं आणि एकदाही चुकलं नाही, म्हणून मी कुणाला विचारलंही नाही.

चौथ्या आठवड्यात एका म्हाताऱ्या बाईंच्या आतड्याचं ऑपरेशन होतं. सुरुवातीला दोन पाकिटं दिली. "लाभ, दोन." मी दहा लिहिले. मध्येच रक्त यायला लागलं. सिस्टरांनी माझ्याकडे न बघता हात पुढे केला, मी आणखी एक पाकीट फोडून दिलं. त्यांनी त्यातले पाच मॉप बोटांनी चाळून पाहिले आणि म्हणाल्या, "लाभ."

मी मार्कर उघडून फळ्यापाशी उभी राहिले आणि आकड्याची वाट बघू लागले. आकडा आला नाही. मला वाटलं, पाकिटात काही कमीजास्त असेल, त्या पुन्हा मोजतील. तेवढ्यात भूलतज्ज्ञ मॅडमनी सलाईनची बाटली मागितली. मी ती आणायला वळले आणि मार्कर खिशात गेला.

पोट शिवायची वेळ झाली तेव्हा चादरीवर तीन ओळी मांडल्या गेल्या. सिस्टरांनी मोजले. पंधरा. फळ्यावर दहा.

"जास्त आहेत ना?" आपटे सर म्हणाले. "कमी असते तर गोष्ट वेगळी. द्या टाका."

"जास्त म्हंजे पन चूकच, सर."

"अहो, एक पाकीट लिहायचं राहिलं असेल. तुम्ही मध्ये मागितलं होतं की. मला आठवतंय."

"मला पन आठवतंय. पन आठवून मोजतात काय? आदल्या केसचे मॉप यात आले असले तर? मग आपले किती, ते कोन सांगनार? एक आत राहिला असला तरी पंधराच भरतील."

मी फळ्यापाशी उभी होते. काय झालंय ते मला त्या क्षणी कळलं होतं. ते पाकीट मीच फोडलं होतं, त्याचं रिकामं वेष्टन कचऱ्याच्या पिशवीत मीच टाकलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं. सर रागावले होते, मॅडम मॉनिटरकडे बघत होत्या, आणि माझ्या तोंडात ते वाक्य ना मराठीत तयार होत होतं ना इंग्रजीत. सिस्टरांनी एकदा मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाल्या, "एक्स-रे बोलवा."

मॉपमध्ये एक निळा धागा असतो, तो एक्स-रेत दिसतो. मशीन आलं, फोटो निघाला, तो मोठा करून पाहिला. आत काही नव्हतं. मग टाके पडले. म्हाताऱ्या बाई पुढे आठवड्यानं आपल्या पायांनी घरी गेल्या. पण तेवढा सगळा वेळ त्या भुलीखाली, उघड्या पोटानं टेबलावर होत्या आणि मी गप्प उभी होते.

दुपारी हत्यारं धुऊन ठेवायच्या खोलीत सिस्टर एकट्याच चिमटे पुसत होत्या. मी गेले आणि सगळं सांगून टाकलं, म्हणजे पाकिटाचं आणि लाभचं. माझ्या गप्प बसण्याचं नाही सांगितलं. तेवढं मला जमलं नाही.

त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला. "लाभ म्हंजे तुला काय वाटलं?"

"देवाचं नाव."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो."

त्या हसतील असं वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. स्टुलावर बसल्या. मग त्यांनी सांगितलं की वडील मिठागरावर टोपल्या मोजायचे काम करत. भात मापताना काय, मीठ मापताना काय, पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नसे, लाभ म्हणत. म्हणजे घरात येणारं पहिलं माप लाभाचं ठरावं. वडिलांच्या मागे उभं राहून त्या लहानपणी मोजायला शिकल्या, ती सवय थिएटरात आली. इतक्या वर्षांत कुणाला सांगावं लागलं नव्हतं. सगळ्या मुलींना ठाऊकच असे, किंवा ज्यांना नसे त्या विचारत.

"मी विचारायला हवं होतं," मी म्हणाले.

"हां. आणि मी सांगायला हवं होतं."

घटनेचा अहवाल त्यांनी स्वतः लिहिला. त्यात फिरत्या नर्सची चूक म्हणून एक ओळही नव्हती. "मोजणी माझी होती," एवढंच त्या मेट्रन मॅडमना म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी थिएटरात लाभ म्हणणं सोडलं. त्या एक म्हणत, आणि मी फळ्यापाशी मोठ्यानं एक म्हणून परत द्यायचं, मगच दोन. पहिले काही दिवस त्यांची जीभ अडखळे. ओठ ल साठी उघडत आणि त्या थांबून ए वर येत. दर वेळी ते मला दिसे, आणि दर वेळी मी नजर मार्करकडे वळवी.

त्यानंतर वर्षभरानं कल्याणला थिएटर नर्सेसची एक दिवसाची परिषद होती. दर वर्षी कुठे ना कुठे असते. आमच्याकडून दोघीतिघी जात, मात्र सिस्टर कधी गेल्या नव्हत्या. सगळ्या परिषदेला गेल्या तर थिएटर कोण सांभाळणार, म्हणून त्या दर वेळी मागे राहत. आता निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. मेट्रन मॅडम म्हणाल्या, या वेळी तुम्ही जा, आणि नुसत्या जाऊ नका, मोजणीवर बोला. तुमच्यासारखी मोजणी कुणाची नाही.

"बोलते," सिस्टर म्हणाल्या. "पन मोजणी चुकली होती त्यावर बोलनार."

मेट्रन मॅडमना ते रुचलं नाही. एवढ्या वर्षांचं नाव, सभागृहात तुमच्याच शिकवलेल्या मुली असणार, त्यांच्यासमोर कशाला? सिस्टर म्हणाल्या, "मोजणी बरोबर कशी करायची ते सगळ्या पुस्तकांत हाय. त्यासाठी मी कल्याणला कशाला जाऊ?"

इंग्रजीत स्लाइड्स करायचं काम माझ्याकडे आलं. कॅन्टीनमध्ये लॅपटॉप उघडून आम्ही बसलो. मी एके ठिकाणी लिहिलं होतं, फिरत्या नर्सनं तिसऱ्या पाकिटाची नोंद केली नाही. सिस्टरांनी अर्थ विचारला आणि बोट ठेवलं.

"हे काढ."

"पण तसंच झालं होतं, सिस्टर."

"झालं होतं. पन हे वाचलं की सगळ्या विचारतील, कोन ती. आणि तू तिथंच लॅपटॉप घेऊन बसलेली असनार, लाल तोंड करून. लिही, मोजणाऱ्या नर्सनं असा शब्द वापरला जो दुसरीला माहीत नव्हता."

मी तसं लिहिलं. मला हायसं वाटलं, आणि वाटलं याची लाजही वाटली.

परिषदेच्या दिवशी आम्ही हॉस्पिटलच्या गाडीनं गेलो. सिस्टर कोऱ्या आमसुली साडीत होत्या, ताजा गजरा माळलेला. दाराशी गळ्यात अडकवायचं ओळखपत्र आणि एक कापडी पिशवी मिळाली. सिस्टरांनी पिशवीतल्या सगळ्या वस्तू बाहेर काढून पाहिल्या आणि परत भरल्या. बाहेर कंपन्यांची टेबलं होती. एका विक्रेत्यानं मोठ्या अदबीनं सुई धरायचा नवा चिमटा दाखवला. सिस्टरांनी तो दोनदा उघडमीट केला, कानाशी नेऊन तिसऱ्यांदा केला आणि परत दिला.

"लॉकचा तिसरा दात सैल हाय."

"मॅडम, हा तर एकदम नवीन पीस आहे."

"म्हणून तर सांगते. जुना असता तर बोलले नसते."

त्यानं स्वतः करून पाहिला आणि तो चिमटा गुपचूप टेबलाखाली ठेवला.

सभागृहात ठाणे, कल्याण, उल्हासनगरहून आलेल्या नर्सेस होत्या. दर दोन-तीन रांगांमागे कुणीतरी उठून सिस्टरांना भेटायला येई. "सिस्टर, ओळखलं का? तुम्ही मला चिमटा मारला होता." सिस्टर म्हणत, "उपयोग झाला ना?" मी बाजूला उभी राहून बघत होते. अर्ध्या तासानं याच बायकांसमोर त्या उभ्या राहून सांगणार होत्या की माझी मोजणी चुकली. व्यासपीठाकडे जाताना त्यांचे हात नेहमीसारखे छातीशी होते. एरवी ते हलके जुळलेले असत. आज बोटं इतकी घट्ट होती की नखं पांढरी पडली होती.

त्या मराठीतच बोलल्या. मी खाली एका टेबलाशी बसून स्लाइड्स पुढे सरकवत होते. त्यांनी वडिलांची टोपली सांगितली, लाभ सांगितला, पंधरा आणि दहा सांगितलं. मागच्या रांगांतली कुजबुज थांबली. शेवटी म्हणाल्या, "मला वाटायचं माझी मोजणी पक्की. पक्की माझ्यापुरती होती. दुसरीला कळली नाय तर ती मोजणी नाय, ते माझं गाणं." आणि थांबल्या.

अध्यक्षा दक्षिणेकडच्या एका नर्सिंग कॉलेजच्या ज्येष्ठ प्राध्यापिका होत्या, त्यांना मराठी येत नव्हतं. प्रश्न मराठीत आले तर मी त्यांना इंग्रजीत सांगावेत असं आधीच ठरलं होतं. माझ्या हातात माइक दिला गेला. दोन साधे प्रश्न झाले. मग तिसऱ्या रांगेतल्या एक बाई उभ्या राहिल्या. वयानं सिस्टरांच्या बरोबरीच्या, आवाज कडक.

"शब्दाचं ठीक आहे. पण पाकीट तर त्या फिरत्या सिस्टरनेच फोडून दिलं ना? तिला माहीत असणारच. शेवटी आकडा जुळला नाही तेव्हा ती बोलली का नाही? तिच्यावर काय ॲक्शन घेतली?"

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, मुद्दाम समोर बघत राहिल्या.

"पोरगी नवीन होती," त्या म्हणाल्या. "तीन आठवडे झाले होते थिएटरात. आकडा मी दिला नाय, ती वाट बघत राहिली. नंतरच्या गडबडीत तिच्या ध्यानात आलं नसेल. मी होते ना मोठी. जे काय असेल ते माझ्याकडं लिहा."

अध्यक्षा माझ्याकडे वळल्या. मी उभी राहिले. सिस्टरांनी आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच एवढ्या लोकांसमोर चुकीचा आकडा सांगितला होता, आणि तो मी दुसऱ्या भाषेत पक्का करायचा होता.

मी माइक तोंडाशी धरला आणि इंग्रजीत सांगितलं की ती नवी नर्स मी आहे. पाकीट मी फोडलं होतं, आणि आकडा जुळला नाही तेव्हा चूक कुठे झाली हे मला ठाऊक होतं. एक्स-रे होईपर्यंत वीस मिनिटं पेशंट टेबलावर होती आणि मी काही बोलले नाही. मी घाबरले होते. सिस्टरांनी हे आत्ता सांगितलेलं नाही, हे मी सांगते आहे.

माझं बोलणं सगळ्यांना ऐकू गेलं. त्या तिसऱ्या रांगेतल्या बाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग खाली बसल्या. अध्यक्षांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचा प्रश्न घेतला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला ते बरं वाटलं.

सिस्टर जेवणाच्या रांगेत माझ्या पुढे उभ्या होत्या. ताट घेतल्यावर मागे वळल्या.

"तू 'आय' बोललीस," त्या म्हणाल्या. "तेवढं इंग्लिश मला कळतं."

"सॉरी सिस्टर."

"वीस नाय. बावीस मिनिटं. मी घड्याळ बघत होते."

मला समजायला वेळ लागला. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं? तेव्हाच?"

"तुझ्या तोंडावर लिहिलेलं होतं. फळ्यावर नव्हतं लिहिलं, तोंडावर होतं."

"मग मला विचारलं का नाही? तुम्ही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं."

"'हो' बोलली असतीस. मी काय पन विचारलं असतं तरी 'हो' बोलली असतीस, एवढी घाबरलेली. त्या 'हो'वर मी पोट बंद करू?" त्यांनी वरणाची वाटी ताटात नीट सरकवली. "तू आपणहून बोलली असतीस तर गोष्ट वेगळी होती. आज बोललीस तशी. चल, भात घे. लोक मागं उभे हायत."

परत येताना गाडीत त्या झोपल्या. झोपेतही हात छातीशी होते, पण बोटं सैल होती.

त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी थिएटरात एकच ऑपरेशन होतं, पित्ताशयाचं, पोट उघडून करायचं. त्यांनी मला हात धुवायला पाठवलं आणि स्वतः मार्कर घेऊन फळ्यापाशी उभ्या राहिल्या. म्हणजे मी मोजायचं आणि त्या लिहिणार. हे त्यांनीच ठरवलं होतं. आपटे सर म्हणाले, "आज तरी टाका वेळेवर मिळणार का?" मी म्हणाले, "मोजणी व्हायचीय सर," आणि सर म्हणाले, "एक गेली म्हणता म्हणता दुसरी तयार झाली."

सुरुवातीला दोन पाकिटं उघडली. मला त्यांना काहीतरी द्यायचं होतं. भाषणं मला जमत नाहीत. मी पहिल्या पाकिटावर बोट ठेवून म्हणाले, "लाभ."

मागून उत्तर आलं नाही. मी वळून पाहिलं. मार्कर फळ्यापासून बोटभर अंतरावर थांबलेला होता. मास्कच्या वर त्यांचे डोळे तेवढे दिसत होते आणि ते भरलेले होते.

"काय बोललीस?" त्यांनी विचारलं. "मला ऐकू आलं. पन काय बोललीस?"

"एक," मी म्हणाले.

"हां. एक." त्यांनी मोठ्यानं परत दिला आणि लिहिला. "थिएटरात एक म्हंजे एक. पुढं?"

"दोन."

"दोन."

संध्याकाळी निरोपाचा केक झाला. तो त्यांनी कापला आणि वाटताना स्वतःसाठी तुकडा ठेवायला विसरल्या. त्यांचा भाऊ न्यायला येणार होता, पण त्या म्हणाल्या, रोजच्यासारखी एकटीच जाते, सामान आहे म्हणून रिक्षानं. मी पिशव्या घेऊन गेटपर्यंत गेले. लोकांनी दिलेल्या भेटी, लॉकरमधलं सामान, साडीचा खोका, कल्याणच्या परिषदेची ती कापडी पिशवी. मला त्यांनी रिक्षाजवळ येऊ दिलं नाही. "तुझी नाइटची पोरगी आली नाय अजून, थिएटर उघडं हाय. जा वर."

मी आत वळले, पण काचेच्या दारामागे थांबले. त्यांनी सगळं सामान फुटपाथवर ओळीनं मांडलं, रिक्षावाला एकेक उचलून मागच्या सीटवर ठेवू लागला. त्या बाजूला उभ्या होत्या, सुकलेला गजरा माळून, हात छातीशी जुळवून. रिक्षावाल्यानं पहिली पिशवी आत ठेवली. काचेतून आवाज येत नव्हता. पण त्यांनी एक बोट सोडवून त्या पिशवीकडे केलं, आणि ओठ मला नीट दिसले. जीभ ल साठी दातांच्या मागे टेकली, अजिबात न अडखळता.